युगांडाचं तिकीट आणि वाताच्या गोळ्या : एका जिनिंग फिटरचं प्रकरण

हे प्रकरण एका जिनिंग फिटरचं आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, वय 56, शिक्षण नववीपर्यंत, पण डबल रोलर जिनचा आवाज ऐकून कुठला चाकू सरकलाय ते सांगणारा माणूस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय भाग जसाच्या तसा ठेवला आहे. आमच्या भागातून परदेशी कामाला जाणारी माणसं आता अधूनमधून दवाखान्यात येऊ लागली आहेत आणि जाण्याआधीच्या लसीकडं जवळजवळ सगळेच एक कागद म्हणून पाहतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमच्याकडं कापूस दिवाळीच्या आगेमागे जिनिंगमध्ये यायला लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत यंत्रं चालतात. नंतर फिटर, ऑपरेटर, हेल्पर मोकळे. शेती असली तर ती कोरडवाहू, म्हणजे उन्हाळ्यात हाताला काम नाही. इकडं बनलेली जिनिंगची यंत्रं आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांत जातात आणि ती उभी करायला, रोलर बसवायला, तिथल्या पोरांना शिकवायला माणूसही इकडचाच लागतो. चार-सहा महिन्यांत इथल्या वर्षभराच्या कमाईहून जास्त पैसा हाती येतो. या फिटरला युगांडातल्या एका जिनिंगचं काम लागलं होतं. एजंटानं पासपोर्ट घेतला, व्हिसाचं पाहिलं, तिकीट काढलं आणि मग सांगितलं की एक पिवळं कार्ड लागतं.

ते माझ्याकडं आले तेव्हा विमानाला 12 दिवस उरले होते. सोबत पत्नी आणि भाचा. भाचा 27 वर्षांचा, मामाचाच हेल्पर, तोही जाणार होता.

"डॉक्टर साहेब, तुमी फक्त लिहून द्या का मी फिट हाव. एजंट म्हने, पिवळ्या कार्डाचं मी पायतो."

युगांडा हा असा देश आहे की कुठूनही येणाऱ्या, एक वर्षावरच्या प्रत्येक प्रवाशाकडं तिथं पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या लसीचं प्रमाणपत्र, म्हणजेच ते पिवळं कार्ड, मागतात. सगळे देश तसं करत नाहीत. शेजारचा केनिया भारतातून थेट येणाऱ्याकडं ते मागत नाही. पण केनियातून परत येताना भारत मागतो, आणि हे पुष्कळांना परतीच्या वेळी, आपल्याच विमानतळावर कळतं. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सहा दिवस अशासाठी की पीतज्वराचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. तेवढ्यात ताप आला नाही, तर माणूस आजार घेऊन आलेला नाही असं धरता येतं.

भारत याबाबतीत इतका कडक का, हे मी त्या तिघांना समजावून सांगितलं, कारण सरकारला उगाच कागद गोळा करायची हौस असते असंच त्यांना वाटत होतं. पीतज्वर आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे. भारतात, किंबहुना आशियात तो पसरलेला नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घराघरात आहे. कूलरच्या टाकीत, रांजणात, अंगणात पडलेल्या टायरमध्ये तोच वाढतो. डेंग्यू तोच देतो, चिकुनगुनियाही तोच. डास तयार आहे, अंगात प्रतिकारशक्ती नसलेली माणसं कोट्यवधी आहेत, फक्त विषाणू यायचा बाकी आहे. 2016 साली अंगोलात पीतज्वराची मोठी साथ आली, तेव्हा तिथं कामाला गेलेले 11 जण हा आजार अंगात घेऊन चीनमध्ये परतले होते. आशियात असं पूर्वी नोंदलं गेलं नव्हतं. तीही कामासाठी परदेशी गेलेलीच माणसं होती, आमच्या फिटरसारखी.

चिकुनगुनिया म्हणताच फिटरच्या पत्नी, काकू, बोलल्या.

"यायले झाला होता नं जी, मागच्या पोळ्याच्या टायमाले. निस्ता सांगाडा झाला होता. आता तं तब्येत चांगली भरली."

मी फिटरकडं नीट पाहिलं. गाल खरंच भरले होते, चेहरा गोल आणि थोडा लालसर. पण बाहीतून बाहेर आलेले दंड काटकुळे. मानेच्या मागं, खांद्यांच्या मधोमध चरबीचा उंचवटा. मनगटावर दोन-तीन ठिकाणी जांभळे डाग. विचारलं तर म्हणाले, कशाचा तरी मार लागला असेल, आठवत नाही. रक्तदाब वाढलेला, जेवणानंतरची साखर 240. यापूर्वी मधुमेह कधीच निघाला नव्हता.

ही भरलेली तब्येत आमच्या भागात मी फार वेळा पाहिली आहे. घरच्यांना ती सुधारणा वाटते, नातेवाईकही लग्नकार्यात कौतुक करतात. म्हणून अशा चेहऱ्याच्या माणसाला मी पहिल्यांदा गोळ्यांचं विचारतो.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत, भाऊ?"

"गोळ्या काई नाई जी. त्या वाताच्या तेवढ्या."

गोळीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बाजाराच्या दिवशी एक जण सुट्या गोळ्या पुडीत बांधून देतो, एक पांढरी, एक पिवळी, एक कॅप्सूल. सकाळी एक पुडी, रात्री एक. दिवाळीपासून चालू होत्या आणि आता एप्रिल लागला होता. काकूंना घरी पाठवून डबा आणायला सांगितला. बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात पुड्या होत्या आणि तळाशी स्ट्रिपचा कापलेला एक तुकडा. मागची छपाई अर्धी कापली गेली होती, पण "सोलोन" ही शेवटची अक्षरं आणि पुढं 10 मिलिग्रॅम एवढं वाचता आलं. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. दिवसाला दोन वेळा 10 मिलिग्रॅम, म्हणजे 20, आणि तेही पाच-सहा महिने.

"त्या नाई घेतल्या तं सकाळी मूठ नाई वळत, साहेब. पाना कसा धरू?"

हे खोटं नव्हतं. चिकुनगुनियाचा ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र कित्येकांचे महिनोन्‌महिने, काहींचे वर्षाहून जास्त दुखतात. बोटं, मनगट, घोटे. फिटरचं सगळं काम बोटांचं. जिनमध्ये स्थिर चाकू आणि हलता चाकू यांच्यातलं अंतर हातानं जमवावं लागतं, बोल्ट अर्धा आटा इकडं-तिकडं झाला तरी सरकी फुटते. त्यांनी मला उजव्या हाताची मूठ वळून दाखवली. गोळी घेऊनही तर्जनी आणि मधलं बोट तळव्याला पुरतं टेकत नव्हतं. अशा माणसाला स्टेरॉइडनं पहिल्या दिवसापासून आराम पडतो. देणाऱ्याचं नाव गावभर होतं आणि घेणारा ते सोडत नाही. या डॉक्टरच्या गोळीनं गुण येतो, एवढंच त्याला कळलेलं असतं.

इथं फिटनेसचा दाखला मागं पडला. खरा प्रश्न हा होता की या माणसाला ही लस देता येते का?

जिवंत लस आणि दबलेलं शरीर

पीतज्वराची लस जिवंत विषाणूची आहे. मॅक्स थेलर यांनी 1930 च्या दशकात कमजोर केलेला 17डी हा प्रकार आजही जगभर वापरला जातो, आणि त्या कामासाठी त्यांना 1951 चं नोबेल मिळालं. लस टोचली की हा कमजोर विषाणू काही दिवस अंगात थोडा वाढतो, शरीर त्याला ओळखतं, प्रतिपिंडं तयार करतं आणि विषाणूचा बंदोबस्त करतं. धडधाकट माणसात हे इतकं व्यवस्थित होतं की एका डोसवर जन्मभर संरक्षण मानतात. 11 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनीही प्रमाणपत्र आजीवन धरलं. त्याआधी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागे. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते आता चालतं.

पण हा सगळा हिशोब शरीर विषाणूचा बंदोबस्त करणार, या भरवशावर आहे. रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा त्याहून अधिक घेतलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती दबलेली धरतात आणि त्याला जिवंत लस देत नाहीत. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड असेल तर सुमारे 3 मिलिग्रॅम म्हणजे तेवढंच होतं. अशा माणसात लसीचा विषाणू आवरला न जाता यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूपर्यंत जाण्याचा धोका वाढतो. एरवी हा उपद्रव लाखात सुमारे एखाद्याला, पण झाला तर जीवावर बेतू शकतो. साठीनंतर पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांतही तो वाढतो, म्हणून त्या वयाच्या माणसाबाबत जाणं किती गरजेचं आहे ते पाहूनच ठरवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी हेही एक कारण, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. थायमस ग्रंथीचा आजार, उपचाराविना बळावलेला एचआयव्ही, कॅन्सरची केमोथेरपी, संधिवाताची काही औषधं, सहा महिन्यांखालचं बाळ, ही बाकीची मुख्य कारणं. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बाईबाबतही जपून निर्णय घेतात.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण नाव ऐकूनच घाबरून लस टाळणारेही भेटतात. दम्याचा पंप, त्वचेला लावायचं मलम, सांध्यात दिलेलं एखादं इंजेक्शन, आठवडाभराचा छोटा कोर्स, यांनी लस अडत नाही. साधा मधुमेह, रक्तदाब यांनीही नाही.

फिटरना मी हे असंच, सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांचा पहिला विचार अगदी साहजिक होता: मग आजपासून गोळ्या बंद करतो, चार दिवसांनी लस घेतो. हे तर लसीपेक्षा धोक्याचं. बाहेरून इतके महिने स्टेरॉइड मिळालं की शरीराची अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं जवळजवळ थांबवते. गोळी एकदम तोडली की रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, ताप किंवा जुलाबाचं साधं निमित्त होऊन माणूस दगावू शकतो. गोळी पायरीपायरीनं कमी करावी लागते, आणि पूर्ण बंद झाल्यावरही जिवंत लसीसाठी निदान एक महिना थांबावं लागतं.

म्हणजे 12 दिवसांत हे बसणारच नव्हतं.

खरं तर गोळ्यांची भानगड नसती तरी वेळ कमीच होता. प्रमाणपत्र लस टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं, त्याआधी दाखवलं तर नसल्यासारखंच. ही दहा दिवसांची अट मनाला येईल तशी ठरवलेली नाही. बहुतेकांच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. आणि ही लस आमच्याकडं प्राथमिक आरोग्य केंद्रात नाही, ग्रामीण रुग्णालयात नाही, खाजगी दवाखान्यात तर नाहीच. केंद्र सरकारनं नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडं असते. लसीची कुपी अनेक डोसांची असते आणि एकदा पाणी घालून तयार केली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळं केंद्रं ठराविक वारी, आधी नाव नोंदवून घेतलेल्या माणसांना एकत्र बोलावतात. सोमवारी आठवण झाली आणि मंगळवारी घेऊन आलो, असं होत नाही. पासपोर्ट मूळ लागतो, कारण कार्डावर त्याचा नंबर चढतो. इथं पासपोर्ट एजंटाकडं अडकलेला होता.

एजंटाचा फोन

दाखला देता येत नाही म्हटल्यावर संध्याकाळी एजंटाचा फोन आला. आवाज नम्र होता.

"साहेब, तुमी कायले टेन्शन घेता? एअरपोर्टवर कार्ड पायतात. दंडाले कोनी हात लावून पायत नाई. इंजेक्शन न घेता कार्ड होते, मी करून देतो."

असली कार्डं चालतात, हे मला ठाऊक आहे. मी त्याला जे बोललो ते इथं मुद्दाम नोंदवतो, कारण घरोघरी हाच सल्ला मिळतो. कार्डावर लसीचा बॅच नंबर, केंद्राचा शिक्का, डॉक्टरची सही असते. शंका आली तर तपासता येते. सापडलं तर एजंट तिथं नसतो, ज्याच्या हातात कार्ड आहे तो असतो, परक्या मुलखात, भाषा येत नसताना. आणि नाही सापडलं तर? मग तो माणूस कुठलंही संरक्षण नसताना अशा ठिकाणी पाच महिने राहणार, जिथं हा आजार खरोखर आहे. पीतज्वरावर औषध नाही. बहुतेकांचा ताप उतरतो. पण ज्यांना दुसरा टप्पा गाठतो, कावीळ होते, नाकातोंडातून रक्त जातं, त्यांतले निम्मे आठवडा-दहा दिवसांत जातात. एंटेबीला 1936 साली खास पीतज्वराच्या संशोधनासाठी संस्था काढली गेली, तीच आज युगांडाची विषाणू संशोधन संस्था आहे. त्या देशात हा आजार कागदावरचा नाही.

खोट्या कार्डाची मला सगळ्यात जास्त चीड या कारणानं येते की ते माणसाच्या आधी त्याच्या गावाला फसवतं. हा परत येणार कुठं? याच गावात, याच कूलरच्या टाक्यांच्या आणि रांजणांच्या शेजारी.

एक सरळ मार्ग असतो, तोही आम्ही पाहिला. ज्याला वैद्यकीय कारणानं लस देता येत नाही, त्याला डॉक्टर तसं पत्र देऊ शकतात आणि त्या पिवळ्या पुस्तिकेतच त्याची नोंद करायची सोय आहे. पण समोरच्या देशानं ते मानावंच असं बंधन नाही. आणि मुख्य म्हणजे त्या पत्रानं डास अडत नाही. ज्याला टाळता न येणारं काम आहे आणि गोळी कधीच बंद करता येणार नाही, त्याच्यासाठी तो मार्ग आहे. या फिटरची गोळी बंद करता येण्यासारखी होती. मग त्यांना तसं पाठवायचं कारण काय?

काय ठरलं

घरात दोन दिवस वाद झाला. काकूंचं म्हणणं, तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडाले. भाच्याचं म्हणणं, मामा नाही तर मीही नाही. फिटर स्वतः गप्प होते. त्यांना वाटत होतं, आपल्यामुळं पोराचंही काम जातंय.

शेवटी मी तिकडच्या जिनिंगच्या मॅनेजरशी बोललो. तो गुजराती माणूस होता, हिंदीत बोलला आणि लगेच समजून घेतलं. त्याला काम हवं होतं, पण आजारी माणूस नको होता. तिकिटं पुढं ढकलली गेली, त्यात पैसे गेले. ठरलं ते असं की भाच्यानं लस घेऊन आधी जायचं, फाउंडेशन आणि शाफ्टिंगची जोडणी तो करू शकत होता, आणि चाकूंचं बारीक सेटिंग मामा आल्यावर.

भाच्याचं सोपं होतं. पासपोर्ट परत मागवला, नागपूरच्या केंद्रात नाव नोंदवलं, ठरल्या वारी जाऊन लस घेतली. अर्धा तास बसवून ठेवलं, मग कार्ड दिलं. सहाव्या दिवशी अंग मोडून थोडा ताप आला, पॅरासिटामॉलवर गेला, ते होतंच. कार्ड हातात घेऊन आला तेव्हा मी त्याच्यासमोर पासपोर्ट नंबर एकेक अंक जुळवून पाहिला, कारण तिथं एक आकडा चुकला तर दहा दिवस पाळूनही विमानतळावर खोळंबा होतो.

त्याच्या बाकीच्या लसी मी इथंच पाहिल्या. टायफॉइडची कॉन्जुगेट लस जाण्याच्या दोन आठवड्यांपेक्षा आधी दिली. धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर दिला. यंत्रावर काम करणाऱ्याच्या हाताला पत्रा लागणारच, आणि दहा वर्षांत त्यानं घेतला नव्हता. हिपॅटायटिस बीचा कोर्स सुरू केला. हिपॅटायटिस एची मात्र घाई केली नाही. खेड्यात वाढलेल्या आपल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणीच तो होऊन गेलेला असतो. कुत्रा चावला तर लगेच साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस मिळेल त्या दवाखान्यात जायचं, हे दोनदा घोकून घेतलं.

आणि मलेरिया. प्रवाशाला देण्यासारखी याला लस नव्हती, म्हणून एजंटाच्या यादीतही तो नव्हता. आणि खरं सांगायचं तर युगांडाला जाणाऱ्याला पीतज्वरापेक्षा मलेरिया कितीतरी सहज गाठतो. तिथं बाराही महिने मलेरिया असतो आणि तोही मेंदूत जाणारा, फॅल्सिपॅरम. गडचिरोलीकडं ज्यांची नातीगोती आहेत त्यांना हा प्रकार ठाऊक आहे. क्लोरोक्विन तिथं कामाचं नाही. भाच्याला डॉक्सीसायक्लिन रोज एक, निघण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करून परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत घ्यायला सांगितलं. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात कातडी जास्त भाजते म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. औषधी मच्छरदाणी सोबत. एडिस दिवसा चावतो आणि मलेरियाचा डास रात्री, त्यामुळं एकाच वेळेपुरतं जपून भागत नाही.

फिटरच्या गोळीचं काम मात्र चिवट निघालं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिशियनच्या सल्ल्यानं दर आठवड्या-दीड आठवड्यानं थोडी थोडी कमी करत गेलो. 20 वरून 10 पर्यंत फार त्रास झाला नाही. 5 च्या खाली आल्यावर सकाळी दोन-दोन तास हात वळेना, जिना उतरताना घोटे धरायचे. एकदा ते पुन्हा त्या पुडीवाल्याकडं जाऊन आले, आणि ते काकूंनीच सांगितलं. मी रागावलो नाही. दुखणं खरं होतं, त्याला पर्याय द्यायला हवा होता. गरम पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम, किडनी आणि रक्तदाब तपासून मोजक्या दिवसांची वेदनाशामकं, रात्री मनगटाला पट्टी. जूनच्या मध्यापर्यंत गोळी सुटली. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी स्वतः बनवते ते स्टेरॉइड, तपासलं, ग्रंथी हळूहळू शुद्धीवर येत होती. साखर औषधाविना 150 च्या आत आली. गाल उतरले, आणि काकूंना काळजी वाटू लागली की हे पुन्हा वाळले. ही खरी तब्येत आहे, हे पटायला त्यांना वेळ लागला.

जुलै संपता संपता त्यांनी लस घेतली. केंद्रावरच्या डॉक्टरना दाखवायला मी चिठ्ठी दिली होती: कोणतं स्टेरॉइड, किती, केव्हा सुरू, केव्हा बंद. ही चिठ्ठी महत्त्वाची. तिथं पन्नास माणसांच्या रांगेत "कोणती औषधं चालू आहेत?" असं विचारतात, आणि आमच्याकडचा माणूस प्रामाणिकपणे "काई नाई" सांगतो, कारण वाताच्या पुडीला तो औषध धरतच नाही. फिटरनीही माझ्यासमोर तेच सांगितलं होतं. दाखला हवा होता म्हणून ते तपासायला आले, नाहीतर एजंटानं वेळेवर पासपोर्ट देऊन त्यांना थेट केंद्रावर नेलं असतं आणि लस टोचली गेली असती.

त्या दिवसापासून आमच्या केसपेपरवर परदेशी जाणाऱ्यासाठी दोन ओळी वाढवल्या आहेत. एक, "दुखण्याच्या, दम्याच्या, खाजेच्या, वाताच्या गोळ्या किंवा पुडी?" असं नावं घेऊन विचारायचं आणि डबा घरून मागवायचा. दुसरी, तिकीट काढलंय का. काढलं नसेल तर मी सांगतो, आधी लसीची तारीख घ्या, तिच्यापुढं दहा दिवस मोजा, आणखी आठवडाभर राखून ठेवा, मग तिकीट. शक्य तर जाण्याआधी सहा-आठ आठवडे या, म्हणजे बाकीच्या लसींचे डोसही नीट बसतात. पासपोर्ट एजंटाकडं देण्याआधी.

फिटर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेले आणि इथल्या हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबरात परतले. पाच महिन्यांच्या कामाचे दोनच महिने मिळाले. हे नुकसान मोठं आहे, आणि त्यांनी ते कधी मला ऐकवलं नाही, तरी मी ते कमी करून सांगणार नाही. मुंबईला उतरल्यावर दोघांचीही कार्डं पाहिली, दोन मिनिटांत सोडलं.

दोघं भेटायला आले तेव्हा भाचा म्हणाला, डॉक्सीच्या गोळ्या त्यानं आठवडाभरात बंद केल्या, "इथं आल्यावर कायले घ्याच्या जी?" तिथं शेवटच्या दिवसांत चावलेल्या डासाचा मलेरिया इथं आल्यावरही उपटू शकतो, त्यासाठीच ते चार आठवडे असतात. उरलेल्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मलेरियाची तपासणी केली, निगेटिव्ह आली. पुढचे काही महिने साधा ताप आला तरी पहिलं वाक्य "मी युगांडाहून आलोय" हेच सांगायचं आणि रक्त त्याच दिवशी तपासायचं, हे एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवायला दिलं. मामांची मूठ अजून पूर्ण वळत नाही. जिनिंग सुरू झाली आहे आणि ते कामावर आहेत.